मामांच्या पणजीचा भराव

निजामाच्या मुलखातून गेलेली रेल्वे गोऱ्या साहेबांनी बांधली असा साऱ्या जगाचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ती माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या पणजीनं बांधली. म्हणजे नांदेड आणि मुदखेड यांच्या मधे, एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला मातीचा एक लांबलचक भराव आहे, तेवढा तरी नक्कीच तिनं बांधला. आणि त्या भरावावरून गेल्याशिवाय गाडीला पुढं सरकताच येत नसल्यामुळे, मामांच्या हिशेबानं, पुढची सगळी रेल्वे ओघानंच तिच्या नावावर जाते. धर्माबादचा व्यापारी मिरच्या घेऊन हैदराबादला पोचला, कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, कुणाचा पोरगा परीक्षेला वेळेवर गेला, की मामा समाधानानं मान हलवतात. आपल्या घरच्या माणसाच्या हातून चांगलं काम झाल्यावर माणूस हलवतो तशी.

मामा पाटबंधारे खात्यातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी पाझर तलावांच्या बंधाऱ्यांवर काढला. उंच, काटकुळे, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला मातीचं एखादं ढेकूळ. कुठल्याही गावाला गेले की आधी ते वाकतात, चिमूटभर माती उचलतात, बोटांत चुरडतात, नाकाशी नेतात आणि मग यजमानाला जयभीम घालतात. एकदा देवणीला एका लग्नात त्यांनी मांडवाच्या दारातच हे केलं. वरबापाला वाटलं पाहुण्यांचं काहीतरी पडलं, म्हणून तो बिचारा सगळ्या नातेवाइकांना घेऊन शोधायला खाली बसला. मामांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि शांतपणे सांगितलं की काही पडलेलं नाही, पण मांडवाचा डावीकडचा खांब पडेल, कारण तिथली माती भुसभुशीत आहे. खांब पडला नाही. मामांनी मात्र लग्न लागेपर्यंत तो धरून ठेवला, आणि आजही सांगताना ते न पडण्याचं श्रेय स्वतःकडेच घेतात.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मी मुलगी बघायला लातूरहून मुदखेडला गेलो तेव्हा. कार्यक्रम मामांच्याच घरी होता. स्टेशनच्या मागं त्यांचं बैठं घर आहे. बाकीच्या मंडळींनी मला शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, शेत किती विचारलं. मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसून नुसते बघत होते. सगळ्यांचं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, येताना डब्यात कोणत्या बाजूला बसला होतात. मी खरं ते सांगितलं, की नांदेड सोडल्यावर मला डुलकी लागली होती. आतल्या खोलीत कपबशी वाजली. मग मामांनी उठून आतल्या मंडळींना निकाल सांगितला, "पोरगा चांगला हाय. जरासाक झोपाळू हाय." लग्न ठरलं, झालं, आम्हाला मुलं झाली, ती कॉलेजात गेली, तरी मामांचा फोन आला की ते माझ्या बायकोला पहिल्यांदा विचारतात, "जावईबापू जागे हायेत का?"

रेल्वेला ते रेल्वे म्हणत नाहीत, 'आमची लाईन' म्हणतात. गाडीला उशीर झाला की घरात आलेल्या पाहुण्यांची ते स्वतः माफी मागतात. घरच्या गड्यानं चहाला वेळ लावावा आणि यजमानानं ओशाळावं, तसा त्यांचा चेहरा होतो. गाडी वेळेवर आली की फलाटावर उभे राहून उतरणाऱ्या अनोळखी लोकांकडे बघून हसतात. तिकीट मात्र ते काटेकोरपणे काढतात. लाईन घरचीच आहे तर तिकीट कशाला, असं मी एकदा गमतीत म्हणालो, तर ते दुखावले. पणजीनं माती टाकली ती पणतवंडांनी फुकट फिरावं म्हणून नाही, असं त्यांनी मला बजावलं. डब्याच्या खिडकीतून कुणी पाण्याची रिकामी बाटली फेकली की ते त्या माणसाला उठवून विचारतात, तुमच्या अंगणात आम्ही काही टाकतो का. माणूस गोंधळतो. अंगण आणि रूळ यांचा संबंध त्याला लागत नाही. तो लागेपर्यंत मामा सोडत नाहीत, त्यामुळे काही माणसं आपलं स्टेशन हुकवून पुढच्या स्टेशनावर उतरली आहेत.

भराव आला की मामा उभे राहतात. बसायला जागा असो नसो, ओढ्याच्या अलीकडे ते आसनावरून उठतात, चप्पल-बूट काढतात आणि भराव संपेपर्यंत हात बांधून उभे असतात. एकदा आम्ही परभणीहून बरोबर येत होतो. समोर देगलूरकडचं एक मोठं कुटुंब होतं, पेट्या, पिशव्या, पाण्याचा कॅन, झोपलेली मुलं. मामा उठले तसे त्या घरातले आजोबा दचकून उठले. त्यांनी सुनेला हाक मारली, सुनेनं मुलांना उठवलं, मुलांनी रडायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळं बिऱ्हाड दाराशी जाऊन उभं राहिलं. आजोबांनी मामांना विचारलं, "मुदखेड आलं का?" मामा समोर बघत म्हणाले, "न्हाई. पणजी आली." आजोबांनी घाबरून फलाटावर कुठं पणजी दिसते का ते बघितलं. बाहेर फलाटच नव्हता, नुसतं सोयाबीन होतं. मग पुढचा सगळा वेळ मामांनी त्या मंडळींना दारातच उभं ठेवून पणजीची गोष्ट सांगितली, आणि मुदखेड खरोखर आलं तेव्हा ती मंडळी इतकी रंगून गेली होती की त्यांना उतरवायला मलाच पिशव्या उचलाव्या लागल्या.

लातूरला मी घर बांधायला काढलं तेव्हा मामा न बोलावता आले. आमच्याकडे भूकंपाची धास्ती सगळ्यांच्याच मनात असते, त्यामुळे पायाकडे आम्ही लक्ष देतोच. पण मामांचं लक्ष देणं वेगळं. मिस्त्रीनं जोत्यात खणून काढलेली काळी माती परत भरली होती. मामांनी ती बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते, तिच्यावर घर ठेवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीवर खाट टाकणं, असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. सगळी माती बाहेर, मुरूम आत. मिस्त्री रुसून निघून गेला. मग मामांनी पाणी मारून घेतलं, कुठून तरी माती ठोकायचे दोन धुमस मिळवले, एक माझ्या हातात दिला, एक माझ्या मेव्हण्याच्या, आणि थराथरानं मुरूम ठोकायला लावला. धुमस उरले नाहीत म्हणून बाकीच्यांनी पायांनी तुडवायचं ठरलं. माझी सासू, बायको, दोन्ही मुलं आणि स्वतः मामा एका रांगेत, जोत्यात इकडून तिकडे पाय आपटत चालत होते. शेजारचे लोक गच्चीवर येऊन बघत होते. तुमच्यात वास्तुशांती असते तरी कशी, असं त्यांच्यातल्या एकानं नंतर मला अदबीनं विचारलं. त्या शेजाऱ्याच्या भिंतीला आज कोनाड्यापासून छपरापर्यंत चीर गेली आहे. आमच्या घराला गेलेली नाही, आणि मामा आले की आधी भिंतींवरून हात फिरवतात, मग पाणी मागतात.

तर पणजीची गोष्ट. ती अशी, की दुष्काळाचं साल होतं, देगलूरच्या बाजूला पोटाला काही राहिलं नव्हतं, आणि रेल्वेच्या मातीकामाला माणसं हवीत अशी बातमी आली. वस्तीतली सगळी धडधाकट माणसं लेकराबाळांसकट चालत निघाली. राज्य निजामाचं, साहेब विलायतेचा आणि माती उपसणार आमची माणसं, असं मामा म्हणतात. ओढ्याशी तळ पडला. पुरुष खणायचे, बाया वाहायच्या. पणजीच्या पोटात तेव्हा मामांचे आजोबा होते. ते तिथंच, भरावाच्या सावलीला जन्मले. इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण मामांच्या सांगण्यात तो भराव दरसाल वाढत गेला. मी जावई झालो तेव्हा तो माणसाच्या उंचीचा होता. माझी थोरली मुलगी झाली तोवर तो दुमजली झाला. अलीकडे तो ज्या वेगानं चढत होता, त्या वेगानं मुदखेडला लवकरच घाट लागला असता. सुरुवातीच्या सांगण्यात पणजीबरोबर आणखी शेकडो बाया असायच्या. हळूहळू त्या कमी होत गेल्या, आणि शेवटी शेवटी एका बाजूला गोरा साहेब घोड्यावर, दुसऱ्या बाजूला टोपलं घेतलेली पणजी, आणि मधे अख्खी रेल्वे, एवढंच उरलं.

एक गोष्ट मात्र मामांच्या गोष्टीत नव्हती. पणजीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. घरात सगळे तिला 'थोरली बाय' म्हणत आले. मामांच्या वडिलांनाही नाव माहीत नव्हतं. कुणी विचारलं की मामा चष्मा पुसायला घेत. काच स्वच्छ होईपर्यंत विचारणारा दुसरं काहीतरी बोलायला लागे.

ही गोष्ट चालू असताना मामी तिथंच असायच्या. तांदूळ निवडत, नाही तर नातवाच्या शर्टाला गुंडी लावत. मामी देगलूरजवळच्या खेड्यातल्या, बोलणं कमी, त्यात एखादा तेलुगू शब्द. गोष्ट भरात आली की त्या मामांकडे एकदा बघायच्या आणि परत खाली मान घालायच्या. आम्हाला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील.

मग दुसरी लाईन टाकायचं काम निघालं. एकाच रुळावर किती गाड्या धावणार, म्हणून जुन्या लाईनीला लागून नवी लाईन येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त आनंद मामांना झाला होता. घराला वरचा मजला चढावा तसा. पण ओढ्यापाशी पोकलेन येऊन उभं राहिलं आणि मामा हादरले. नवा भराव जुन्याला जोडायचा तर जुन्याचा उतार कापून त्याला पायऱ्या पाडाव्या लागतात. ही गोष्ट मामांइतकी कुणाला ठाऊक असणार? जन्मभर बंधारे रुंद करताना त्यांनी स्वतः हेच करून घेतलं होतं. पायऱ्या न पाडता माती टेकवणाऱ्या ठेकेदारांना त्यांनी भर उन्हात उभं केलं होतं. आता पायऱ्या पडणार होत्या पणजीच्या मातीत.

ते रोज स्कूटर घेऊन तिथं जाऊन बसू लागले. काम बघणारी इंजिनीअर एक तरुण मुलगी होती, अंबाजोगाईकडची. तिनं पहिल्या दिवशी त्यांना धुळीतून उठून सावलीत बसायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी चहा दिला, तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर तिनं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, की काका, तुम्ही जन्मभर मातीकामातले, पायऱ्या न पाडता नवी माती टेकवली तर काय होईल ते तुम्हीच सांगा. मामांनी ओढ्याकडे बघितलं. "सुटंल," ते म्हणाले, "पहिल्याच पावसात सुटंल." आणि स्कूटरला किक मारून घरी आले.

आम्ही त्या आठवड्यात मुदखेडलाच होतो. मामा संध्याकाळी जेवायला उठले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. रूळ बदलले, स्लीपर बदलले, इंजिनं बदलली, तेव्हा आपण काही बोललो नाही, कारण खाली माती तीच होती, असं काहीसं पुटपुटत होते. उद्या ती कापणार, आणि आपणच सांगितलं कापा म्हणून. आम्ही समजूत काढत होतो, पण समजूत काढायला आमच्याकडे काही नव्हतंच. तेवढ्यात मामी हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"तुमच्या एकट्याच्या पणजीचा हाय का भराव तो?" मामींनी विचारलं.

मामांनी मान वर केली.

"माझी पणजी पण तिथंच होती. धोंडाबाई. तुमची ठकूबाई आन् माझी धोंडाबाई, दोघी जोडीनं होत्या. माझी आजी भाकरी थापताना सांगायची. ठकूअक्का भरायची आन् धोंडाक्का वाहायची. तुमची पोटुशी होती, तिच्यानं डोक्यावर ओझं न्हाई व्हायचं. म्हणून माझीनं सांगितलं, तू बसून टोपलं भर, मी दोघींचं वाहते."

माझ्या बायकोनं मामींना विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलं. मामी म्हणाल्या, "त्यांनी इचारलंच न्हाई. ते सांगूनच राहिले."

मामांचे ओठ हलत होते. ते ते नाव आवाज न करता म्हणून बघत होते हे मला जरा उशिरा कळलं. मग त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं, "ठकूबाई." पुन्हा एकदा म्हटलं. मग मामींना विचारलं, नक्की ठकूच ना. मामी म्हणाल्या, हाव. धोंडाबाई नंतर गावी परतली, ठकूबाई पोराला घेऊन इकडंच राहिली, आणि पुढं दोन्ही घरांत सोयरीक झाली ती कुणाला आठवण होती म्हणून नव्हे, अशीच झाली. मामींनी ताट वाढून आणलं. मामांनी ते पुढं ओढून घेतलं आणि जेवता जेवता, बायकोला पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे, एकेक प्रश्न विचारत राहिले. धोंडाबाई दिसायला कशी होती, पुढं किती जगली, ठकूबाईला परत कधी भेटली का. भेटली नाही, असं मामी म्हणाल्या. पण शेजारीण ओझं उचलायला लागली की म्हातारपणीसुद्धा धोंडाबाई तिला सांगायची, ठकूअक्कासारखं कुणाला भरता येत न्हाई, टोपलं कसं गच्च असायचं आन् एक खडा सांडायचा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हा सगळ्यांना घेऊन कामावर गेले. त्या मुलीला त्यांनी विनंती केली, की पायऱ्या पाडा, पण नव्या मातीचं पहिलं टोपलं आम्हाला टाकू द्या. ती नियमांच्या विचारात पडली, तिनं कुणाला तरी फोन केला, आणि मग आम्हाला पिवळी जाकिटं आणि डोक्याला टोप्या दिल्या. मामींनी पदराच्या वरून टोपी घातली. ती डोळ्यांपर्यंत आली. टोपीवर टोपलं काही बसेना, म्हणून मामींनी चुंबळ काढून टोपीवर ठेवली आणि आणखी थोड्या उंच झाल्या. पोकलेन चालवणारा बिहारकडचा माणूस यंत्र बंद करून बघायला उतरला. मामांनी खोरं घेतलं आणि भरायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला ते थांबले तेव्हा मामी हलल्या नाहीत. "भरा की," त्या म्हणाल्या, "एवढंसं माझ्या पणजीनं वाहिलं नसतं." मामांनी निमूटपणे आणखी भरलं, दाबलं, कडा हातानं सारख्या केल्या. मामी टोपलं घेऊन चालत गेल्या. जुन्या भरावात ताजी पायरी पडली होती, आतली माती बाहेरच्याहून गडद आणि ओलसर दिसत होती. तिथं उभं राहून मामींनी टोपलं रितं केलं. मामा मागं खोऱ्यावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, आणि ते बघून मी उगीचच बुटांवरची धूळ झटकत बसलो.

आता त्या नव्या लाईनीवरून गाड्या जातात. मामांची गोष्टही बदलली आहे. पणजी टोपलं वाहायची असं ते आता म्हणत नाहीत. ती भरायची, आणि भरणारीशिवाय वाहणारी काय कपाळ वाहणार, असं ते मामींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. भरावाची उंची पुन्हा माणसाएवढी झाली आहे, आणि त्याच्यावर बाया इतक्या वाढल्या आहेत की गोऱ्या साहेबाला घोडा वळवायला जागा नाही. मामी मधेच दुरुस्ती करतात, ती मामा ऐकतात.

गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे स्कूटर सुटली. पण मामांनी एक नवा उद्योग काढला आहे. घरी येईल त्याला ते पणजीचं नाव विचारतात. भाजीवाली, गॅसवाला, विहारात नवीन आलेली तरुण मंडळी, कुणीही. पुष्कळांना सांगता येत नाही. कुणी हसतात, कुणी घरी जाऊन विचारतो म्हणून जातात. एक शेतकरी मित्र आहेत त्यांचे, गावातली जुनी जमीन असलेले. त्यांनी सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं घडाघडा सांगितली आणि पणजीशी येऊन थांबले. तेव्हापासून ते गृहस्थ मामांकडे येऊन गप्प बसतात, आणि दोघं मिळून चहा पितात.

गेल्या दिवाळीला मामांनी मलाही विचारलं. मला आलं नाही. मामांनी मला झोपाळू म्हटलं नाही, माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. लातूरला आल्यावर मी गावी आईला फोन केला. पणजी शेतात राबायची, तिला कपाळावर गोंदण होतं, तिला गुळाचा खडा आवडायचा, एवढं सगळं आईनं सांगितलं. नावापाशी मात्र ती अडली. थांब, ओठांवर आहे, असं म्हणाली. आता दर रविवारी मी फोन करतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो, मुलांचं बोलतो, आणि फोन ठेवायच्या आधी आई स्वतःहूनच सांगते, "आठवून राहिले बघ अजून."